शस्त्रक्रियेनंतरचं ताट : एका पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोलापूर

आजपासून काम सुरू. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक वर्ष उलटलेल्या रुग्णांसाठी मराठीत आहारपुस्तिका करायची आहे. विषय एकच: भाकरी, पोळी, भात, पोहे, साबुदाणा, गोडधोड, म्हणजे सगळी कर्बोदकं, आणि उतरलेलं वजन टिकवणं.

पहिल्या वर्षासाठी आपल्याकडे तक्ते आहेत. आधी पातळ, मग मऊसर, मग साधं जेवण. त्या काळात रुग्ण नेटाने वागतात, घरचेही लक्ष ठेवतात. तक्ता जिथे संपतो तिथे आपणही गप्प होतो. पुढे काय खायचं याचं उत्तर म्हणून हातात पडतो तो इंग्रजीवरून उतरवलेला कागद. त्यात ओट्स, किन्वा, ब्राउन ब्रेड. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून येणाऱ्या माणसाला त्या कागदाचा उपयोग काय? त्याच्या घरी ज्वारीचं पोतं आहे, त्याच्याशी कसं वागायचं ते सांगणारं कुणी नाही.

हे काम मनावर घेण्याचं कारण स्वीडनच्या अभ्यासात आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ अभ्यासात रुग्णांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन वर्षांत वजन सर्वांत खाली गेलं, मग थोडं परतलं आणि पुढे स्थिरावलं. जठराचा बायपास (छोटी थैली करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचं वजन दहा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे थोडं वजन परत येणं हा शरीराचा धर्म आहे. थोडं आणि फार यांतलं अंतर मात्र रोजच्या खाण्यावर बरंच ठरतं. त्या अभ्यासात स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया, नव्हती, आपल्याकडे ती भरपूर होते, हे पुस्तिकेत वेगळं लिहावं लागेल.

१९ जून

शरीररचनेचं पान लिहायला घेतलं. सर्जनबरोबर तासभर बसले. त्यांनी रबरी नळी आणि फुगा घेऊन सगळं दाखवलं. पानावरही चित्रच मोठं ठेवायचं ठरलं.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात, उरते एक अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, तो भागच जातो. म्हणून सुरुवातीचे महिने भूक लागत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये थैली लांबट असते आणि जोड एकच.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे जठराच्या खालच्या टोकाशी, आतडं सुरू होतं तिथे असलेला झडपेसारखा स्नायू, पायलोरस. एरवी तो अन्न थोडं थोडं पुढे सोडतो. बायपासमध्ये अन्न त्याच्याकडे जातच नाही. स्लीव्हमध्ये तो जागेवर असतो, पण नळीतला दाब वाढलेला असल्याने अन्न लवकर पुढे सरकतं. यातूनच दोन गोष्टी होतात.

पहिली: गोड किंवा पातळ पिठूळ पदार्थ एकदम आतड्यात उतरला की शरीरातलं पाणी तिकडे खेचलं जातं. खाल्ल्यापासून दहा मिनिटं ते तासाभरात पोटात मुरडा, छातीत धडधड, घाम, जुलाब. हे लवकरचं डंपिंग. दुसरी: रक्तातली साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि एक ते तीन तासांनी साखर घसरते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, वखवखून भूक लागते. हे उशिराचं डंपिंग. बायपासमध्ये जास्त, पण स्लीव्हमध्येही होतं.

वखवखून भूक लागण्याकडे मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. लवकरच्या डंपिंगने माणूस धडा घेतो, तो पदार्थ टाळतो. उशिराच्या डंपिंगमध्ये दोन तासांनी लागलेल्या भुकेचा संबंध सकाळच्या चार खाऱ्यांशी आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

२८ जून

आज ओपीडीत बायपास होऊन दोन वर्षं झालेल्या एक शिक्षिका. वजन परत चढू लागलंय. येताक्षणी म्हणाल्या, “मॅडम, भात तर मी केव्हाच सोडलाय. भाकरीही सोडली. मग वाढतंय कशानं?”

सकाळपासून रात्रीपर्यंत काय तोंडात जातं ते एकत्र बसून लिहिलं. चहाबरोबर खारी. शाळेत मधल्या सुट्टीत टोस्ट, तोही चहात बुडवून. घरी आल्यावर कुरमुऱ्याचा चिवडा, वाटीभर नाही, येता-जाता चिमूट चिमूट. रात्री ‘जेवण जात नाही’ म्हणून दूध-बिस्किटं. चहा दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. फक्त चहातली साखरच चाळीस ग्रॅम.

भाकरी का सोडली, हे विचारलं. “अडकते हो. छातीत दगड बसल्यागत होतं. टोस्ट कसा सरसर उतरतो.”

या प्रकल्पाचं सगळं सार मला या एका उत्तरात दिसतं. ऑपरेशनने दिलेलं साधन म्हणजे ‘अडणं’. लहान थैली भरते, ताण पडतो, मेंदूला निरोप जातो, हात थांबतो. भाकरी, उसळ, अंडं, पनीर यांनी हे घडतं. खारी, टोस्ट, बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम हे लाळेत आणि चहात विरघळून थैलीत न थांबता पुढे जातात. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि दिवसभर थोडं थोडं मोजलं तर पूर्वीच्या जेवणाइतकं खाल्लं जातं. वजन भाकरीने वाढत नाही, भाकरी टाळून तिच्या जागी जे येतं त्याने वाढतं. पुस्तिकेचा कणा हाच ठेवायचा. पदार्थांची ‘चालेल’ आणि ‘नको’ अशी यादी करायची नाही. तेच कर्बोदक कुठल्या रूपात, कशाच्या सोबतीने आणि ताटात कितव्या नंबरवर, हे सांगायचं.

बाईंना भाकरी परत सुरू करायला सांगितली. चतकोर, ताजी, मऊ, उसळीचे चार घास झाल्यावर. बारीक तुकडा, आणि तोंडातच त्याचं पीठ होईपर्यंत चावायचा. घास अडला तर पाणी पिऊन ढकलायचा नाही, थांबायचं.

५ जुलै

स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते शेजारी. मापं पुस्तिकेत ग्रॅममध्ये दिली तरी वाचणारा वाटीतच मोजणार, म्हणून दोन्ही काढली.

ज्वारीच्या मध्यम भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ लागलं, त्यात कर्बोदकं सुमारे ४७ ग्रॅम, प्रथिनं ७. पोळीला तीस ग्रॅम कणीक, कर्बोदकं १९. चाळीस ग्रॅम तांदळाचा वाटीभर भात, ३१ ग्रॅम. पन्नास ग्रॅम पोह्यांची बशी, ३८. तीस ग्रॅम मटकीच्या उसळीत कर्बोदकं १६ आणि प्रथिनं ६.

एक अख्खी भाकरी म्हणजे दीड वाटी भात, हे पाहून आमच्या मदतनीस मावशी चकित झाल्या. सोलापुरात ‘भाकरी खा, भात सोड’ हा सल्ला घरोघर देतात. ज्वारीत तंतू भाताच्या तिपटीहून जास्त आहेत, ती चावावी लागते, हे तिचे गुण खरेच. पण भाकरी कितीही चालते असं नाही. वर्ष झालेल्या माणसाला एका वेळी अर्धी पुरते. कित्येकांना तीही संपत नाही, आणि न संपलेली बाजूला ठेवायला घरच्यांनी हसतमुखाने परवानगी दिली पाहिजे. अन्न टाकायचं नाही हा संस्कार इथे आडवा येतो. त्यावर उपाय एकच, वाढतानाच अर्धी वाढणं.

कडक भाकरीचंही पाहिलं. आपल्या गावाची खास वस्तू, पातळ, खुसखुशीत, महिनाभर टिकणारी. शेंगदाणा चटणीबरोबर ताटात बसून खाल्ली तर उत्तम, चावल्याशिवाय ती जातच नाही. पण पाकीट टीव्हीसमोर आणलं की तिचा पापड होतो, मोडत राहायचं आणि खात राहायचं. पानावर दोन्ही लिहिलं.

भाकरीचा काला हा वादाचा मुद्दा. दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोयीची असते. वर्षानंतर तोच काला सरसर उतरतो आणि भाकरीचा मुख्य फायदा जातो. माझं मत असं की दात शाबूत असलेल्या माणसाने वर्षानंतर काला बंद करावा. वयस्करांना सूट.

१६ जुलै, आषाढीच्या आदल्या दिवशी

उद्या एकादशी. पंढरपूर इथून दीड-दोन तासांवर, आमच्या रुग्णांतले कितीतरी जण वारकरी घरांतले. ‘उपवास करू नका’ असं लिहिलेलं पान इथे कुणी उघडणारही नाही, आणि मलाही ते लिहायचं नाही.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. प्रथिनं नावापुरतीही नाहीत, तंतू नाहीत. साठ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत पन्नासच्या वर ग्रॅम कर्बोदकं जातात, तीही लगेच साखर होणारी. शेंगदाण्याचा कूट थोडा लगाम घालतो, पण थोडाच. दिवसभर रिकामं पोट, मग खिचडी, त्यावर केळं, मग साबुदाण्याची खीर. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण धडधाकट माणसाला उद्देशून आहे. बायपास झालेल्या माणसाच्या बाबतीत त्या दुपारी साखर घसरून चक्कर येण्याची भीती आहे.

उपवासाचं ताट असं मांडलं: आधी दही किंवा पनीर, मूठभर उकडलेले शेंगदाणे. मग भगर किंवा राजगिऱ्याची छोटी भाकरी, दाण्याच्या आमटीसोबत, पण आमटी वाटीभर पिऊन टाकायची नाही, लावून खायची. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे तेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, उपवासाच्या धान्यांत ते सर्वांत उजवं. रताळं उकडून, अर्धं. साबुदाणा खायचाच तर चार चमचे, शेवटी, भरपूर कूट घालून.

निर्जळी उपवास कोणीच करायचा नाही, हे ठळक अक्षरात. या पोटात एकदम तांब्याभर पाणी मावत नाही, दिवसभराचं पाणी घोटाघोटानेच भरून निघतं. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

२ ऑगस्ट

ताटातल्या क्रमाचं पान. हे सगळ्यात अवघड जाणार असं वाटत होतं, तसंच झालं.

आपल्याकडे पंगत असो की घर, पहिला वाढतात वरणभात, वर तूप, लिंबू. मूद फोडून जेवायला सुरुवात होते. नंतर पोळी-भाजी, शेवटी ताकभात. साधारण जठराला हे ठीक. पण ज्याच्या थैलीत मूठभरच मावतं त्याची जागा पहिल्या मऊ भातानेच जाते आणि उसळ, मासळी, अंडं ताटात तसंच राहतं. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत अशी शिफारस आहे. ती या क्रमाने पुरी होत नाहीत. स्नायू झडतात, आणि स्नायू झडले की वजन टिकवणं आणखी अवघड.

म्हणून क्रम उलटा: पहिल्यांदा प्रथिनं, मग भाजी, मग भाकरी-पोळी, आणि भूक उरली तर भात. प्रथिनं आणि भाजी आधी खाल्ली तर तेवढ्याच कर्बोदकांनी रक्तातली साखर कमी चढते.

गटाच्या बैठकीत हे सांगितल्यावर पंढरपूरच्या एका काकांनी विचारलं, “मॅडम, आमटीवर आमटी पिऊन शेवटी भात खायचा, तर भाताला चव काय राहणार?” प्रश्न रास्त आहे. त्यांच्या पत्नीनेच मार्ग काढला. पहिल्या वरणभाताऐवजी पहिली घट्ट वरणाची वाटी, तूप-लिंबासकट, चमच्याने. चव तीच, मूद नाही. हे मी जसंच्या तसं पुस्तिकेत घेतलं. काकूंना विचारून.

ताक जेवणात नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. आमसुलाचं सार, सोलकढी यांनाही तोच नियम. घन खाण्याबरोबर पातळ गेलं की अन्न लवकर पुढे सरकतं आणि भूक लवकर लागते.

१२ ऑगस्ट

दुसरा श्रावणी सोमवार. दिवसभर काही न खाता संध्याकाळी उपवास सोडणारे फोन करतात, ‘दोन घासांत उलटी झाली’. लांबच्या खंडानंतर भराभर खाल्लं जातं, हे त्याचं कारण. उपवास सोडण्याआधी अर्धी वाटी दही सावकाश खायचं, एवढं एक वाक्य उपवासाच्या पानावर वाढवलं. उलट्या आठवडाभर चालू राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्वाची गंभीर कमतरता होऊन नसांवर आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून वाट न पाहता दवाखान्यात यायचं, हेही तिथेच लिहिलं.

९ सप्टेंबर

गणपती बसले. फोनवर एकच प्रश्न, मोदक चालेल का? आणि त्यापुढे, “गुळाचाच आहे हो, साखर नाही.”

गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, पण आतड्याच्या दृष्टीने गूळ आणि साखर एकच. घरी एक उकडीचा मोदक तोलून पाहिला. पारीचं तांदळाचं पीठ आणि सारणाचा गूळ मिळून कर्बोदकं वीस-पंचवीस ग्रॅमच्या घरात. तरी उकडीचा मोदक मला पेढ्यापेक्षा आणि बासुंदीपेक्षा बरा वाटतो. त्यात खोबरं आहे, वर तूप आहे, आणि तो चावून खावा लागतो. बासुंदी, खीर, आमरस हे पातळ आणि गोड, डंपिंगला सर्वांत सोपी वाट.

पुस्तिकेत लिहिलं: जेवणाच्या शेवटी, प्रथिनं पोटात गेल्यावर, एक मोदक. बसून. प्रसाद म्हणून हातावर आलेला चमचाभर शिरा कुणी नाकारू नये, त्याने काही होत नाही. घरोघरच्या आरत्यांना जाऊन दहा ठिकाणी दहा चमचे मात्र होतात.

२४ सप्टेंबर

आज गंभीर केस. मिनी बायपासला तीन वर्षं झालेले एक शेतकरी भाऊ शेतात चक्कर येऊन पडले. सकाळी अकराला रस्त्यावर उसाचा रस प्याले होते, पडले एकच्या सुमारास. घरच्यांनी ‘साखर उतरली’ म्हणून तोंडात साखर घातली, बरं वाटलं. तेव्हापासून ते खिशात पेढे ठेवतात, गरगरलं की एक खातात. दिवसातून तीन-चारदा. वजनही वाढलंय.

हे चक्र पानावर पायरीपायरीने मांडायला हवं. गोड खाल्लं, साखर चढली, इन्सुलिन उसळलं, साखर घसरली, परत गोड खाल्लं. उसाच्या रसाच्या एका पेल्यात पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते, तीही पातळ आणि उपाशी पोटी. ही घसरण बहुधा ऑपरेशननंतर वर्षभराने दिसू लागते, तक्ते संपून कुणी विचारेनासं होतं नेमकं तेव्हा.

सर्जन आणि फिजिशियन दोघांशी बोलून पान पक्कं केलं. गरगरलं तर शक्य असेल तिथे आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि सावरल्यावर लगेच शेंगदाणे, अंडं किंवा पनीर, म्हणजे पुन्हा घसरण होत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय. असा प्रसंग एकदा जरी झाला तरी डॉक्टरांना कळवायचं, कारण बहुतेकांना आहार बदलून फरक पडतो, पण काहींना कर्बोदकांचं शोषण मंद करणारी अकार्बोजसारखी गोळी लागते, आणि मधुमेहाची जुनी औषधं चालू असतील तर ती आधी तपासावी लागतात. गाडी चालवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना.

भाऊंना खिशात पेढ्याऐवजी भाजलेले चणे ठेवायला सांगितले, आणि ते गरगरल्यावर खायचे नाहीत, सकाळी अकराला वेळ लावून खायचे. पेढ्याची गरज तिथेच संपावी असा हिशोब आहे. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

३ ऑक्टोबर

भाऊ येऊन गेले. चक्कर नाही. उसाच्या रसाच्या गाडीवरून जाताना बायको हात धरते म्हणाले.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचं पान आटोपशीर ठेवलं. फराळातली चकली भाजणीची, म्हणजे डाळी असतात, दोन चालतात. चिवडा, शेव आणि शंकरपाळे हे तिन्ही डब्यातून मुठीने जाणारे, त्यांना वाटी लावायची आणि डबा फळीवर परत ठेवायचा. बेसनाच्या लाडवात बेसन असलं तरी साखर आणि तूपच जास्त.

२६ नोव्हेंबर

उलट टोकाची माणसं. आज एक तरुण, स्लीव्हला दीड वर्ष, इंटरनेटवर वाचून कर्बोदकं जवळपास शून्यावर आणलेली. नुसतं चिकन, अंडी, प्रोटीन पावडर. वजन छान उतरलंय, पण केस गळतायत, बद्धकोष्ठ आहे, जिममध्ये दम लागतो, आणि शनिवारी रात्री आवरत नाही. मग वडापाव, पाव, आइस्क्रीम, सगळं.

केस गळण्यामागे लोह, जस्त, प्रथिनं, वेगाने उतरलेलं वजन अशी अनेक कारणं असतात, रक्त तपासायला दिलं. पण शनिवार रात्रीचा संबंध मला आठवड्याच्या उपासमारीशीच वाटतो.

पहिल्या महिन्यांत कर्बोदकं दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास राहतात, कारण थोड्या जागेत प्रथिनांना पहिला मान. तो कायमचा नियम नाही. २०२० च्या भारतीय शिफारशींत प्रौढासाठी दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकं धरली आहेत, मुख्यतः मेंदूच्या गरजेवरून. वर्षानंतर आम्ही रुग्णाला हळूहळू शंभर ते एकशेतीसच्या दरम्यान आणतो. कष्टाचं काम किंवा व्यायाम असेल तर वरच्या बाजूला. म्हणजे काय? सकाळी एक बशी मटकीची उसळ, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी एक फळ, रात्री एक पोळी, दोन्ही वेळा घट्ट डाळ, शिवाय दूध-दही आणि भाज्या. एवढ्यात तो आकडा गाठला जातो. सगळी धान्यं हद्दपार केलेल्या घरात हे पान सर्वांत आधी वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते दुसऱ्या क्रमांकावर घेतलं.

१५ जानेवारी २०२५

गड्ड्याची यात्रा चालू आहे, शहरभर गर्दी. तिळगुळाची वडी एक, यावर जास्त लिहिण्याचं कारण नाही. हुरड्याबद्दल मात्र लिहिलं. कोवळी ज्वारी, भाजलेली, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याबरोबर. चावून चावून खायची, शेतात बसून, बोलत. हुरडा पार्टीत शेवट गुळाच्या खड्याने होतो आणि उसाचा रस येतो, तेवढं सोडलं तर या रुग्णांसाठी इतकं जुळून आलेलं खाणं क्वचित सापडतं. प्रमाण ओंजळीपेक्षा कमी.

आज मुख्य काम वजनाच्या रेषेचं. रुग्ण फार उशिरा येतात. पंधरा किलो परत आल्यावर येतात, मान खाली घालून, आपण गुन्हा केल्यासारखे. त्यांना आधी सांगावं लागतं की शरीर गमावलेलं वजन परत मिळवायला धडपडतंच. विश्रांतीत जळणारी ऊर्जा कमी होते, भूक वाढते, हे इच्छाशक्तीच्या बाहेरचं आहे. ओरडा खाण्याच्या भीतीने जो फॉलोअप चुकवतो त्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं, म्हणून या पानाची भाषा मी पुन्हा पुन्हा तपासली.

आम्ही ठरवलेली रेषा: आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी वजन. सर्वांत खालच्या आकड्यावर पाच किलो चढले की फोन. त्या भेटीत वजनावर चर्चा नाही. आठवड्याची खाण्याची वही, प्रथिनांचा हिशोब, चहाच्या साखरेचा हिशोब, झोप, चालणं, आणि दारूचा थेट प्रश्न. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, तिच्यातल्या कॅलरी पोटात थांबतही नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतर व्यसन लागण्याचा धोका वाढतो. पुरुष ओपीडीत हे आपणहून सांगत नाहीत.

जूनमधल्या शिक्षिका आज येऊन गेल्या. खारी बंद, चतकोर भाकरीवरून अर्धीवर. वजन चढायचं थांबलंय, थोडं उतरलंय. चहा अजून चार कप, पण साखर अर्धा चमचा.

२७ मार्च २०२५

या महिन्यात टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन भारतात आलं आणि फोन सुरू झाले, ‘परत आलेलं वजन त्याने जाईल का?’ शस्त्रक्रियेनंतर वजन परतलेल्यांना अशी औषधं देतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. पुस्तिकेत एकच परिच्छेद घातला: औषध घेणाऱ्याची भूक आणखी मंदावते, तेव्हा प्रथिनं आधी आणि पाणी घोटाघोटाने हे नियम जास्त कडक पाळायचे.

गरोदरपणाचं पान शेवटच्या क्षणी वाढलं. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. नंतर राहिल्यास एक अडचण हमखास येते. आपल्याकडे गरोदर बाईला मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून तपासतात. बायपास झालेल्या बाईला त्याने जोरदार डंपिंग होऊ शकतं आणि निकालही भरवशाचा राहत नाही. तिने ऑपरेशनची फाइल सोबत नेऊन तपासणीच्या आधीच सांगायचं, त्याऐवजी काही दिवस घरी ग्लुकोमीटरवर साखर नोंदवता येते. तालुक्याच्या गावी प्रसूतितज्ज्ञाला ऑपरेशनची माहिती नसण्याची शक्यता धरून हे पान फाडून हातात देता येईल असं, छिद्रांच्या रेषेसह छापायला सांगितलं आहे.

मुद्रितं तपासून पाठवली. पहिली आवृत्ती मराठीत. अक्कलकोट भागातल्या रुग्णांसाठी कानडी मजकुराचं काम आमच्या परिचारिकेने हाती घेतलं आहे. तिच्या मते तिथे कडक भाकरीचं पान सर्वांत पुढे हवं, आणि तसंच करायचं ठरलं.